निर्दोष सुटलात, तरी फॉर्ममध्ये 'नाही' लिहिण्याआधी हे वाचा

भरतीची निवडयादी लागते, यादीत नाव असतं, घरात आनंदीआनंद असतो. मग हातात साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म), म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म येतो. नाव, पत्ते, शिक्षण, नातेवाईक असे रकाने भरत भरत उमेदवार 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का?' या एका प्रश्नाशी येऊन थांबतो. कॉलेजात असताना झालेल्या मारामारीत त्याचं नाव एफआयआरमध्ये आलं होतं. चार वर्षं तारखा पडल्या आणि शेवटी कोर्टाने निर्दोष सोडलं. 'सुटलोय ना, मग लिहायचं कशाला?' असं म्हणून तो 'नाही' लिहितो. घरचेही तेच सांगतात, शेजारचा हवालदारही तेच सांगतो. काही महिन्यांनी पोलिस ठाण्यातून पडताळणीचा अहवाल जातो आणि नोटीस येते. नोटिशीत मारामारीबद्दल फारसं काही नसतं. त्यात लिहिलेलं असतं, 'आपण माहिती दडवली.'

हा लेख अशाच लोकांसाठी आहे: ज्यांच्यावर कधीतरी गुन्हा नोंदला गेला, अटक झाली किंवा खटला चालला, पण शिक्षा झाली नाही. भर सरकारी नोकरीवर आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. खासगी कंपन्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी प्रश्न वाचा, मग आपली केस आठवा

बहुतेक लोक उलट करतात. आपल्या केसचा शेवट डोक्यात ठेवून ते प्रश्न वाचतात, त्यामुळे प्रत्येक प्रश्न त्यांना 'तुम्ही गुन्हेगार आहात का?' असाच ऐकू येतो. प्रत्यक्षात नमुना तसं विचारत नाही. केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात हा प्रश्न तुकड्यातुकड्यांत विचारलेला असतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? कधी स्थानबद्ध केलं होतं का? कधी बंधपत्र लिहून घेतलं होतं का? न्यायालयाने कधी दंड केला आहे का? कधी दोषी ठरवलं आहे का? एखाद्या विद्यापीठाने किंवा आयोगाने परीक्षेला बसण्यास मनाई केली आहे का? आणि शेवटी, हा नमुना भरताना एखादा खटला प्रलंबित आहे का?

यातला प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही स्वतंत्र द्यायचं आहे. वरच्या मुलाचंच उदाहरण घ्या. त्याला एका रात्री अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं, खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्याची खरी उत्तरं अशी: अटक, होय. खटला, होय. दोषी ठरवलं का, नाही. प्रलंबित आहे का, नाही. चारही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. अटकेच्या प्रश्नाला त्याने 'नाही' लिहिलं, तर ते खोटं विधान होतं. पुढे कोर्टाने काय निकाल दिला, याचा त्या उत्तराशी संबंध नाही. गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला असला तरी झालेली अटक झालेलीच राहते.

काही नमुन्यांत 'तुमच्याविरुद्ध कधी फौजदारी गुन्हा नोंदवला गेला आहे का?' असं सरळ विचारलेलं असतं. हा प्रश्न सगळ्यात व्यापक आहे. नुसता एफआयआर झाला, पुढे काहीच घडलं नाही, तरी उत्तर 'होय' आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विचारलं नसेल, तर सांगायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या निकालात हे स्पष्ट केलं आहे. नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको, आणि जे नेमकेपणाने विचारलं तेच सांगणं बंधनकारक. न विचारलेली गोष्ट नंतर कळली, तर उमेदवार योग्य आहे की नाही हे ठरवताना खातं ती विचारात घेऊ शकतं, पण 'माहिती दडवली' असा ठपका त्यावर ठेवता येत नाही. या निकालाचा संदर्भ पुढे अनेकदा येणार आहे, नाव लक्षात ठेवा.

म्हणून नमुना हातात आला की प्रश्नाच्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असेल तर दोन्ही वाचा. एकात 'दोषी' आणि दुसऱ्यात 'अटक' असा फरक आढळला, तर जास्त व्यापक प्रश्न धरून उत्तर द्या.

तुमच्या केसचं नेमकं झालं काय?

'केस मिटली' हा घरगुती शब्द आहे. कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदीत केस मिटण्याचे कितीतरी प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. इथे घाई करू नका.

एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शेजाऱ्याने शिवीगाळीची तक्रार दिली, पोलिसांनी एनसी घेतली आणि विषय तिथेच थांबला. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस अशा प्रकरणात तपास करू शकत नाहीत, त्यामुळे सहसा अटकही नसते आणि खटलाही नसतो. अटक-खटल्याच्या प्रश्नांना उत्तर 'नाही'. प्रश्न 'पोलिसांत कोणतीही तक्रार' इतका सैल असेल, तर मात्र एका ओळीत एनसीचा उल्लेख करून मोकळे व्हा.

चॅप्टर केस. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी शांतता राखण्यासाठी म्हणून पोलिस ज्या प्रतिबंधक कारवाया करतात, त्या या. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७, ११० या कलमांखाली व्हायच्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६, १२९ खाली होतात. यात गुन्हा सिद्ध होण्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे लोक ती केस धरतच नाहीत. पण तहसीलदार किंवा सहायक पोलिस आयुक्तांपुढे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून दिलं असेल, तर 'बंधपत्र लिहून घेतलं होतं का?' हा प्रश्न नेमका त्याबद्दलच आहे.

समरी. एफआयआर झाला, तपास झाला, पण दोषारोपपत्र न पाठवता पोलिसांनी कोर्टात अंतिम अहवाल दिला. महाराष्ट्रात त्याला 'अ', 'ब', 'क' समरी म्हणतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर झाली असेल तर तुमच्यावर खटला चालला नाही, असं निःशंकपणे लिहिता येतं. अटक झाली होती का, हा प्रश्न तरीही वेगळा उरतोच. आणि समरी 'पाठवली' म्हणजे 'मंजूर झाली' नव्हे. मंजुरीचा कोर्टाचा आदेश हातात हवा.

दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा पुरावा नाही म्हणून कोर्टाने सोडलं, तर ती दोषमुक्ती. खटला पूर्ण चालून सुटलात, तर निर्दोष मुक्तता. दोन्हीत शिक्षा नाही, पण दोषारोपपत्र दाखल होऊन प्रकरण कोर्टासमोर आलेलं असल्यामुळे खटल्याच्या प्रश्नाला 'होय' लिहून खाली शेवट सांगणं शहाणपणाचं.

तडजोड. फिर्यादीने कोर्टात सांगितलं की आमचं आपसांत मिटलं. तडजोडीयोग्य गुन्ह्यात त्याचा कायदेशीर परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. मात्र खाती याकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात, कारण कोर्टाने पुरावा तपासून सोडलेलं नसतं. मध्य प्रदेशात पोलिस दलातल्या पदासाठी निवडलेल्या एका उमेदवाराने अशी केस प्रामाणिकपणे कळवली होती, तरी त्याला नाकारण्याचा खात्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला.

सरकारने खटला मागे घेणं. आंदोलनांतल्या गुन्ह्यांबाबत हे वरचेवर होतं. मंत्री घोषणा करतात, शासन निर्णय निघतो, पेपरात बातमी येते आणि पोरं समजतात की केस गेली. केस तेव्हाच जाते, जेव्हा सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो आणि कोर्ट त्याला संमती देतं. तोवर ती प्रलंबितच आहे. आंदोलनात असलेल्या प्रत्येकाने एकदा कोर्टात जाऊन हे पाहून यावं. माझ्या मते या एका गैरसमजाने जितकं नुकसान होतं, तितकं खऱ्या गुन्ह्यांनीही होत नसेल.

आता सगळ्यात धोकादायक प्रकार: 'दंड भरून सुटलो'. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडली, सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला म्हणून नेलं, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. कोर्टात कुणीतरी सांगितलं, 'कबूल कर, दंड भर, अर्ध्या तासात घरी.' तो दंड म्हणजे शिक्षा आणि ते कबूल करणं म्हणजे दोषसिद्धी. तुम्ही 'शिक्षा न झालेल्या' लोकांत बसत नाही आणि 'दोषी ठरवलं का?' या प्रश्नाला 'नाही' लिहिता येत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तरी दोषसिद्धी झालेलीच असते. राजस्थानातल्या एका वीज कंपनीतल्या कर्मचाऱ्याने अशी दोषसिद्धी लपवली होती. त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केली. ऑनलाइन भरलेलं वाहतुकीचं ई-चलन मात्र न्यायालयाचा दंड नव्हे.

चेक बाऊन्सची केस अनेकांना व्यवहाराची भानगड वाटते. ती फौजदारी तक्रार आहे, ती चालू असेल तर 'प्रलंबित' मध्ये येते. तसंच भावाच्या बायकोने केलेल्या छळाच्या फिर्यादीत (पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) सगळ्या घराची नावं घातलेली असतात. हॉस्टेलवर राहणाऱ्या धाकट्या भावाला वाटतं, आपला काय संबंध! दोषारोपपत्रात नाव असेल तर संबंध आहे. घटस्फोट, पोटगी, जमिनीचा वाद ही दिवाणी प्रकरणं, ती इथे लिहायची नाहीत.

अठरा वर्षांखालचं प्रकरण असेल, तर गोष्ट वेगळी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेला असेल, तर तो अपवाद. बालपणीची केस कळवली नाही म्हणून नोकरी काढून घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे. इथे 'होय' लिहायचं की 'नाही', हे मात्र वकिलाला नमुना दाखवूनच ठरवा.

अटक झाली होती की नाही, हेच माहीत नसेल तर?

हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण फार खरा आहे. 'ठाण्यात बोलावलं, सही घेतली, सोडून दिलं', एवढंच लोकांना आठवतं. ती सही कशावर होती? हजर राहण्याच्या नोटिशीवर असेल, तर अटक नाही. जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यातच जामिनावर सोडलं असेल, तर कागदोपत्री अटक झालेली असते. अटकपूर्व जामीन मिळालेल्यांनाही पुष्कळदा रीतसर अटक दाखवून लगेच सोडतात. दोषारोपपत्राच्या छापील नमुन्यात प्रत्येक आरोपीच्या नावापुढे अटकेची तारीख आणि जामिनावर सुटल्याची तारीख यांचे रकाने असतात. तिथे तारीख आहे की कोरं आहे ते पाहा, तेच तुमचं उत्तर.

आंदोलनात गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, तर? ती अटक आहे की स्थानबद्धता, यावर वाद घालता येईल. वाद घालण्यापेक्षा रकान्यात एक ओळ लिहा: 'अमुक दिनांकाच्या आंदोलनात इतरांसोबत ताब्यात घेऊन त्याच दिवशी सोडले, गुन्हा नोंदविला नाही.' अशा ओळीने नोकरी जात नाही. अवतार सिंग निकालात क्षुल्लक बाबींचं उदाहरण म्हणून तरुण वयातल्या घोषणाबाजीचाच उल्लेख आहे.

कागद जमवा

नमुना भरायच्या आधी, शक्यतो भरतीची जाहिरात आल्यावरच, हे काम सुरू करा. कोर्टाच्या कागदांची नक्कल मिळायला वेळ लागतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. नाव मराठी वळणाने, इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-तीन प्रकारांनी, आडनाव आधी आणि नंतर, असं सगळं करून पाहा. केस सापडली की तिचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या केसची स्वतंत्र ओळख असलेला क्रमांक, उतरवून घ्या. त्याच पानावर केसचा प्रकार दिसेल: आरसीसी (नियमित फौजदारी खटला), एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला) किंवा सेशन केस, त्यापुढे क्रमांक आणि वर्ष. निकाल लागला असेल तर तारीखही दिसते. जुन्या केसेस कधी कधी ऑनलाइन नसतात. मग कोर्टात जाऊन नोंदवहीतून क्रमांक काढावा लागतो.

मग नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित नक्कल घ्या. ऑनलाइन उतरवलेली प्रत तुमच्या वाचनासाठी ठीक, पण जोडायला सही-शिक्क्याचीच हवी. एफआयआर, दोषारोपपत्र, समरी असेल तर मंजुरीचा आदेश, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असेल तर तो आदेश, एवढं एका फाइलमध्ये लावा. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलिस ठाणं आणि कलमं एफआयआरच्या पहिल्याच पानावर असतात.

निकालपत्र हातात आलं की शेवटचे परिच्छेद नीट वाचा. 'पुरावाच नाही, आरोपीचा सहभाग दिसत नाही' असं लिहिलं आहे, की 'संशयाचा फायदा देऊन' सोडलं आहे, की साक्षीदार फितूर झाल्याची नोंद आहे? खातं नेमकं हेच वाचणार. संशयाचा फायदा म्हणजे ठपका नव्हे, कायद्याने तीही निर्दोष मुक्तताच. पण चंडीगढच्या पोलिस भरतीतल्या एका प्रकरणात, अशा सुटकेनंतर उमेदवार योग्य आहे की नाही हे छाननी समितीने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. तेव्हा तुमच्या निकालपत्रात तुमच्या बाजूची जी वाक्यं असतील, ती शोधून ठेवा. पुढे लिहिताना ती लागतील.

आता लिहायचं कसं

रकान्यात जागा दोन ओळींची असते. तिथे 'होय, तपशील सोबतच्या पुरवणीत' एवढंच लिहा आणि स्वतंत्र कागदावर पुरवणी जोडा. ऑनलाइन अर्जात फक्त 'होय/नाही' असेल, तर 'होय' निवडा आणि पुरवणी कागदपत्र तपासणीच्या वेळी द्या. पुरवणी अर्ध्या पानाची पुरे. तिचा साचा असा ठेवता येईल:

'नमुन्यातील प्रश्न क्रमांक ___ च्या अनुषंगाने सादर करतो की, ___ पोलिस ठाणे, गु.र.नं. ___/___ अन्वये भारतीय दंड संहितेच्या कलम ___ खाली दिनांक ___ रोजी माझ्यासह ___ जणांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला होता. त्या वेळी माझे वय ___ वर्षे होते. मला दिनांक ___ रोजी अटक होऊन दिनांक ___ रोजी जामीन मंजूर झाला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ___ यांच्या न्यायालयात आरसीसी क्रमांक ___/___ हा खटला चालून दिनांक ___ रोजी माझी निर्दोष मुक्तता झाली. या निकालाविरुद्ध माझ्या माहितीप्रमाणे अपील दाखल नाही. याखेरीज माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा अथवा खटला नाही. निकालपत्राची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे.'

बस्स. यात 'खोट्या केसमध्ये गोवलं', 'गावातल्या राजकारणाने', 'माझी काहीच चूक नव्हती' हे नको. ते खरं असलं तरी अधिकाऱ्याला त्याचा उपयोग नाही. निकालपत्रातलं एखादं ठोस वाक्य मात्र परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करा. ते तुमचं म्हणणं राहत नाही, कोर्टाचं होतं. वय लिहायला विसरू नका. अपिलाबद्दलची ओळही काढू नका, कारण पडताळणीत तो प्रश्न निघतोच.

केस चालू असेल तर शेवटच्या ओळींऐवजी सध्याचा टप्पा आणि पुढची तारीख लिहा आणि 'निकाल लागताच कळवीन' अशी हमी द्या. क्षुल्लक स्वरूपाची प्रलंबित केस खरी सांगितली असेल, तर तिच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते, हेही अवतार सिंग निकालातच आहे.

सही करून पुरवणीची आणि भरलेल्या नमुन्याची छायाप्रत ठेवा, कार्यालयाच्या आवक शिक्क्यासह. अर्ज, साक्षांकन नमुना, प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांना दिलेला जबाब या चारही ठिकाणी तारखा आणि क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. आणि नमुना दिल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला तर? केंद्राच्या नमुन्याच्या डोक्यावरच्या सूचनेत लिहिलेलं असतं की नंतर अटक वगैरे झाली तर ती ताबडतोब कळवायची, नाहीतर ती माहिती दडवणं धरलं जाईल. त्या सूचना कुणी वाचत नाही.

खासगी कंपनीत

इथे छापील सरकारी नमुना नसतो. प्रत्येक कंपनीचा प्रश्न वेगळा, पण नियम तोच: विचारलं त्याचं खरं उत्तर. 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' एवढंच विचारलं असेल, तर निर्दोष सुटलेल्या माणसाचं 'नाही' हे पूर्ण खरं उत्तर आहे. जुनी केस आपणहून उकरून काढायची गरज नाही, मुलाखतीत तर मुळीच नाही. 'प्रलंबित खटला' विचारला असेल आणि तो असेल, तर सांगा.

मोठ्या कंपन्या नेमणुकीच्या आसपास पार्श्वभूमी पडताळणी करतात. ती करणाऱ्या संस्था कोर्टांच्या खुल्या नोंदीत तुमचं नाव शोधतात आणि तिथे निकाली निघालेली केसही दिसते. म्हणून पडताळणीचा फॉर्म आला, की एचआरला दोन ओळींचा ईमेल पाठवणं मला बरं वाटतं: 'अमुक वर्षीची एक केस नोंदीत दिसेल, तीत माझी निर्दोष मुक्तता झाली आहे, निकालपत्र सोबत आहे.' ही सक्ती नाही. पण अहवालात लाल खूण आल्यावर खुलासा करण्यापेक्षा हे सोपं जातं. बँक, विमा, लहान मुलांशी संबंधित काम, सुरक्षा सेवा अशा ठिकाणी तर नक्कीच करा.

नामसाधर्म्याचा घोळही होतो. पाटील, जाधव, शेख, कांबळे अशी आडनावं आणि नेहमीची नावं असली की दुसऱ्याची केस तुमच्या माथी येऊ शकते. अशा वेळी चिडून उपयोग नाही. अहवालातला सीएनआर क्रमांक मागा, त्या केसमधल्या आरोपीचं वडिलांचं नाव, वय, पत्ता काढा आणि आपल्या कागदांशी तुलना करून लेखी कळवा.

खरं सांगितलं म्हणजे नोकरी नक्की?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. खरी माहिती दिली तरी उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार खात्याकडे राहतो आणि नेमणूक दिलीच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, हेही त्याच २०१६ च्या निकालात आहे. पोलिस आणि सशस्त्र दलांत निकष कडक, कारकुनी पदांना तुलनेने सौम्य. गुन्ह्याचं स्वरूप, तेव्हाचं वय, सुटका कशी झाली, हे सगळं पाहिलं जातं.

तरी सांगणाऱ्याची बाजू न सांगणाऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम असते. महाराष्ट्रातल्याच न्यायिक सेवेच्या एका उमेदवाराचं उदाहरण पाहा. अपहरणासारख्या कलमांखाली त्याच्यावर खटला चालला होता, २००४ मध्ये तो निर्दोष सुटला आणि २००९ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाला. केस त्याने स्वतःच कळवली होती, तरी निवड रद्द झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वर्षं गेली हे खरं, पण 'तू लपवलंस' असं त्याला कुणी म्हणू शकलं नाही.

लपवणाऱ्यांचे निकाल दोन्ही बाजूंना गेलेले आहेत. २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं, तर त्याच वर्षी केंद्रीय राखीव पोलिस दलातल्या प्रकरणांत माहिती दडवणाऱ्यांवरची कारवाई कायम केली. उत्तर प्रदेशातल्या २००४ च्या पोलिस भरतीतल्या एका उमेदवाराला न्याय मिळाला तो २०२४ मध्ये. हे निकाल दाखवून कुणी 'नाही लिहिलं तरी चालतं' असं सांगत असेल, तर त्याला वीस वर्षांचा हिशेब विचारा.

आधीच 'नाही' लिहून बसलात?

पडताळणीचा अहवाल यायच्या आत नेमणूक अधिकाऱ्याला लेखी दुरुस्ती द्या. 'अमुक प्रश्नाचे उत्तर चुकून/गैरसमजाने नाही असे नोंदविले गेले, खरी माहिती खालीलप्रमाणे', आणि त्याखाली वर दिलेली पुरवणी. गैरसमज काय होता ते एका वाक्यात लिहा. हाताने देऊन आवक क्रमांक घ्या, किंवा पोचपावतीच्या टपालाने पाठवा. याने चूक पुसली जाईलच असं नाही, पण हेतू लपवण्याचा नव्हता हे दाखवणारा हाच एक कागद असतो, आणि तो नोटीस आल्यानंतर लिहिला तर त्याला किंमत राहत नाही. केस आहे हेच माहीत नव्हतं, समन्सच आलं नव्हतं, असं असेल तर तसं लिहा. ज्याची माहितीच नव्हती ते दडवल्याचा दोष देता येत नाही.

नोटीस आली किंवा नेमणूक नाकारली तर

कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. मुदत कमी असेल तर लेखी मुदतवाढ मागा. उत्तरात मूळ प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि तुमचं उत्तर त्या शब्दांना कसं धरून आहे ते दाखवा. नोटीस मोघम असेल, तर पोलिस अहवालाची प्रत मागा. ती मिळाली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. सेवेत कायम झालेले असाल, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून काढण्याआधी विभागीय चौकशी आवश्यक आहे. ती न करता आदेश काढला असेल, तर तो पहिला मुद्दा.

राज्य सरकारच्या पदांसाठी दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये मागायची. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही त्याची खंडपीठं आहेत. केंद्राच्या नागरी पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची प्रकरणं या न्यायाधिकरणांत चालत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं. न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत अंतिम आदेशापासून साधारणपणे एक वर्ष आहे. 'साहेबांना भेटून बघू', 'फेरविचाराचा अर्ज दिलाय' असं करत ते वर्ष निघून जातं. फेरविचाराचा अर्ज जरूर द्या, पण आदेशाची तारीख लिहून ठेवा आणि वकिलाकडे फाइल पहिल्याच महिन्यात न्या.